दामूमिस्त्रीची तार

दामूमिस्त्री गाडीतून गळणारं तेल जिभेवर घेऊन बघायचा. गाडीखालच्या थारोळ्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि पचकन थुंकायचं. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात जेवणाचा डबा होता. तो मी तसाच बंद केला.

"गिअरचं हाय," तो म्हणाला. "इंजिनचं असतं तर जीभ अशी पोलली नसती."

"वास घेऊन कळत नाही का?" मी विचारलं.

"नाक खोटं बोलतं, ताई. गॅरेजमध्ये सगल्यालाच वास असतो."

वालीवला आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यामागे त्याचं गॅरेज होतं. कारखान्यात माल तपासून पास-नापास करण्याचं काम मी बावीस वर्षं करते आहे, त्यामुळे घाण मला चालत नाही. दामूच्या गॅरेजमध्ये घाणीशिवाय काही नव्हतं. भिंतीला तंबाखूच्या पिचकाऱ्या, पाण्याच्या माठावर काळी बोटं, आणि ज्या फडक्याने तो क्लच पुसायचा त्यानेच तोंड पुसायचा. मूळचा मिठागराच्या गावचा. अंगात सदरा क्वचितच.

आत शिरताच समोर एक तार बांधलेली होती. तिला फुटलेले बुश, वेल्डिंगच्या गाठी आलेले पाइप, सुतळीने बांधलेल्या स्प्रिंगा लटकत. दुसऱ्या मिस्त्र्यांनी केलेली वाईट कामं तो गाड्यांतून काढायचा आणि तिथे टांगायचा. गिऱ्हाईक आलं की आधी तारेचं दर्शन. "हे बघा. असं काम करून मानूस घरी जाऊन जेवतो कसा?"

मी त्याच्याकडे गेले ते अप्पांची गाडी विकायची म्हणून. अप्पा, माझे वडील, आगाशीला वाडीतल्या घरी एकटे राहतात. त्यांची जुनी डुक्कर फियाट दर सोमवारी बाजारापर्यंत जायची आणि परत यायची. त्या वर्षी गाडीतून उतरल्यावर अप्पांना गरगरू लागलं. दोनदा रस्त्यातच भांबावले. एकदा फाटकाचा खांब पाडला. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी लगेच निर्णय घेतला: गाडी विकायची, घराला कुलूप घालायचं, अप्पांना आचोळ्याला माझ्या फ्लॅटवर आणायचं. अप्पा नाही म्हणत होते. मी ऐकत नव्हते. पुठ्ठ्यावर जाड पेनाने 'विकणे आहे' लिहिलं आणि मागच्या काचेला चिकटवलं. क्लच घसरत होता, मागच्या चाकांना हादरे झेलणाऱ्या कमानींची पाती तुटली होती. गिऱ्हाईक चालती गाडी मागत होतं. म्हणून दामू.

गाडी उचलून लोखंडी घोडीवर चढवली की तो मालकाला खाली झोपायला लावायचा. त्याशिवाय हात लावत नसे. "वरून गाडी सगल्यांनाच आवडते. खालून बघा."

मी साडीवर जुनं पोतं गुंडाळून आडवी झाले. अप्पा बाजूला स्टुलावर. दामूने बॅटरी मारली. कमानीत चिखल आणि गंज, क्लचच्या घरातून तेलाची धार. मग प्रकाश सायलेन्सरच्या पाइपवर थांबला. पाइपला कुठल्याशा डब्याचा पत्रा गुंडाळून तारेने आवळला होता. पत्रा सुटून वर वळला होता, आणि नेमका त्याच्यावर गाडीच्या तळाला गंजाने तळहाताएवढं भोक पडलं होतं.

दामू थुंकला. माझ्या कानाजवळून गेलं ते. "कोना गाढवाचं काम हाय हे? सगला धूर गाडीत! या गाडीत बसून कोनाचं डोकं दुखतं का?"

मला गरगरल्यासारखं झालं, आणि त्याला वय कारण नव्हतं.

स्टुलावरून अप्पा शांतपणे म्हणाले, "दामू, ते तूच केलंस. चार वर्षं झाली. तात्पुरतं लावतो, आठ दिवसांनी या, म्हणालास. मी आलो नाही."

दामूने बॅटरी विझवली. बाहेर आला. फडक्याने तोंड पुसलं. त्याला काही विनोद सुचेल असं मला वाटलं होतं. "तुमी नाय आलात तर मी यायला पायजे होतं, बाबा," तो म्हणाला. "आगाशी काय लांब हाय?"

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तुमी कंपनीत तपासनी करता ना? मग बाबांना न उघडताच नापास केलात?"

मला त्याचा भयंकर राग आला. तेल चाटणारा माणूस मला तपासणी शिकवणार! घरी आल्यावर साडी दोनदा धुतली तरी डाग गेला नाही. रागही गेला नाही, पण तो कोणावर आहे हे तोवर कळलं होतं.

दहा दिवस त्याने दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. पाइप नवा घातला, तळाला पत्रा जोडला, कमानी नव्याने बांधल्या, गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बदलली. गाडी न्यायला गेलो तेव्हा डब्याचा तो पत्रा तारेवर सगळ्यात पुढे लटकत होता. माझ्यादेखत त्याने काचेवरचा पुठ्ठा ओरबाडून काढला आणि पत्र्याशेजारी अडकवला.

"हे पन खराब कामच," म्हणाला, आणि थुंकला.

अप्पांचं गरगरणं थांबलं. ते आगाशीलाच आहेत, सोमवारी बाजाराला जातात.

दामू गेल्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरने गेला. तंबाखूने की तेलाने, कोण जाणे. दोन्ही बंद कर म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. गॅरेज रिकामं करताना त्याचा भाऊ म्हणाला, "ताई, काय पायजे ते घ्या."

दोन वस्तू घेतल्या. आता त्या कारखान्यात माझ्या टेबलामागे तारेवर आहेत. पत्रा अजून धुराचा घाण वास मारतो. नवीन येणारे नाक मुरडून विचारतात, हे कोणी केलं? त्यांना दामूचं सगळं सांगते. पुठ्ठ्याबद्दल विचारलं की, ते माझं काम, एवढंच सांगते.