एका घराचं एक लाकूड

पनवेलच्या जमीन संपादन कचेरीत साहेबाने मान वर केली नाही. मी दारातच उभा होतो, चपला हातात. लोखंड बाजारासाठी आमची भातशेती गेली होती. बांधावरचा देव तरी तिथंच राहू द्या, एवढंच मागायला गेलो होतो. तो म्हणाला, "तुझं इथं आता काय आहे?"

पनवेलहून गावापर्यंत रडत चालत आलो.

त्याच बाजारात पुढे शिवप्रसाद पत्रे उचलायला आला, उत्तरेकडून, बायकोला घेऊन. नव्वदीची सुरुवात होती. मी त्याला खोली भाड्याने दिली. आमच्याकडे कुणी गेलं की प्रत्येक घरातून एक लाकूड मसणात जातं. ज्याचं लाकूड, तो गावाचा. माझी आई गेली तेव्हा शिवप्रसाद कुणी न सांगता खांद्यावर लाकूड घेऊन आला. मी ते चितेवर ठेवू दिलं.

दोन वर्षांनी त्याची बायको तापाने गेली. मी गावचा पंच, म्हणून तो माझ्या ओट्याशी आला. "चाचा, जगह दे दो," एवढंच म्हणाला.

गावची तरणी पोरं आधीच जमली होती. शिकलेली, बिननोकरीची. राग खरा होता त्यांचा. पण जमीन घेणारा समोर नव्हता, हा होता. माझा पुतण्या म्हणाला, "आज भय्याला मसन दिलं, उद्या गाव मागतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "तुजं इथं काय हाय?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मी ते ओळखलं. तरी मागे घेतलं नाही.

माझी एकोणीस वर्षांची मुलगी पडवीतून लाकूड घेऊन बाहेर आली. "बाबा, आजीच्या चितेत यांचं लाकूड जललं." मी तिला दंड धरून आत ढकललं.

शिवप्रसादने बायकोला टेम्पोत घालून पनवेलच्या स्मशानात नेलं. बरोबर गावातलं कुणी नव्हतं. संध्याकाळी आम्ही ठराव लिहिला: भाडेकरूंना मसण नाही. पहिली सही माझी.

तो आपणहून शहरात गेला, असं मी लोकांना सांगत आलो. खोटं आहे. मी हाकललं.

मुलीने ते लाकूड चुलीत घालू दिलं नाही. ती सासरी गेली, ते पडवीतच राहिलं. वाळवीने खाल्लं.

ठराव अजून आहे. पुढच्या बैठकीत हे सगळं लिहिलेला हा कागद मी उभा राहून वाचणार. पुतण्या आता पंच आहे, तो उठून जाईल. जाऊ दे. ठराव मोडत नाही तोवर माझंही मढं या मसणात जाळायचं नाही. टेम्पोत घाला. पनवेलला न्या.