हुकुमाआधीचा श्वास

सुभेदारकाका माणसाचं बोलणं नंतर ऐकायचे. आधी त्याचा श्वास ऐकायचे. सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या आत त्यांनी चपला जागेवर लावलेल्या असत. साताऱ्याकडचे, पलटणीत वर्षानुवर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेले, आणि आता अमेरिकेत, पार्सिपनीत मुलाकडे राहायला आलेले. इंग्रजी यथातथाच, फ्रेंचशी तर सुतराम संबंध नाही. तरी फ्रेंच हुकूम मला समजले ते त्यांच्यामुळेच.

मी तेव्हा जवळच्या विद्यापीठात एम. एस. करत होतो आणि शनिवारी गरम भाकरीच्या आशेनं त्यांच्याकडे जात असे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रेंच फौज याच भागातून गेली होती, त्याला दोनशे वर्षं होत होती. गावानं समारंभ ठरवला. फ्रेंच सैनिकांची एक छोटी तुकडी येणार होती. पुण्यात फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्याची फुशारकी मी कुठेतरी मारली होती, ती अंगाशी आली. हुकूम ऐकून लोकांना कधी उठायचं, कधी बसायचं हे माइकवरून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाहुण्यांसमोर चुकलो असतो तर गावात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

काकांनी मला मागच्या अंगणात, खांद्याला बर्फ काढायचं फावडं देऊन उभं केलं. "हुकुमाचे दोन तुकडे असतात. पहिला कान उघडायला, दुसरा पाय हलवायला. मधल्या श्वासाकडं ध्यान ठेव. भाषा गेली खड्ड्यात." नात खिडकीतून म्हणाली, "आजोबा, ही लुक्स सो सिली." काका म्हणाले, दिसू दे, त्या दिवशी चुकला तर जास्त दिसेल. मला रागच आला. फ्रेंच शिकलेला मी होतो! घरी जाऊन सगळे हुकूम अर्थासकट कागदावर लिहून काढले.

समारंभात अधिकाऱ्यानं पहिला हुकूम दिला आणि तो कागद फुकट गेला. 'गार्द-आ-व्हू' म्हणजे सावधान, हे मला पाठ होतं. पण कानावर आली ती नुसती एक लांब आरोळी आणि शेवटी तोडून टाकलेला 'व्हू'. तेवढ्यात पहिल्या रांगेतले काका ताठ उभे राहिलेले दिसले. मी लोकांना उठायला सांगितलं, कागद खिशात घातला आणि पुढे काकांकडे बघूनच बोलत राहिलो.

मग एक छोटा हुकूम झाला. बिगुल वाजलं आणि थांबलं. संपलं असं समजून मी बसायला सांगणार होतो. पण काका हलले नव्हते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी गप्प राहिलो, म्हणून सगळं मैदान गप्प राहिलं. ती शांतता युद्धात मेलेल्यांसाठी होती. माझ्या एका शब्दानं ती मोडली असती.

परतताना गाडीत मी विचारलं, काका, कसं कळलं तुम्हाला?

"आवाज खाली आला की रे त्याचा. मी शिकवलेली पोरं लढाईतनं परत आली न्हाईत, तेव्हा त्यांच्यासाठी हुकूम मला द्यायचा होता. माझा आवाजबी असाच बसला होता."

त्या दिवसापासून मी परीक्षांची फुशारकी मारणं सोडलं. काकांना मात्र तुमचंच खरं होतं हे कधी सांगितलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

चार वर्षांनी काका साताऱ्याकडे गावी परतले आणि तिथेच वारले. बातमी आली तेव्हा इकडे त्यांच्या मुलाच्या बेसमेंटमध्ये आम्ही वीसेक जण जमलो. मुलानं मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी श्वास घेतला आणि म्हणालो, "सावधान."

सगळे उभे राहिले, नातही. 'विश्राम' म्हणायला मात्र मला फार वेळ लागला.