हलकं जेवण

आई अकोल्याच्या जुन्या शहरातली. कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत घालून तिनं आयुष्यभर घरादाराला जेवू घातलं, आणि त्या धुरानं तिची फुफ्फुसं कायमची आजारी केली. चार पायऱ्यांतच ती थांबू लागली, तेव्हा मी तिला अमरावतीला, राजापेठेत माझ्या घरी आणलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, "जेवण हलकं ठेवा, थोडं थोडं द्या." झालं! माझ्यासारख्या हुकूम सोडणाऱ्या बाईला एवढं पुरलं. हलकं म्हणजे आमच्याकडे मुगाचं पाणी, मऊ भात, फार तर भगर. दही, केळं बंद, कफ होतो. तूप, शेंगदाणे बंद, खोकला येतो. तुरीचं वरण जड. अंड्याचं तर नावच नको.

आई पहिल्या आठवड्यात कुरकुरली. "काहून वो, वाटीभर दह्यानं मरून जाईन का मी?"

"मग खोकत बसशील. गप खा ते," मी म्हणाले. तिनं पुन्हा दही मागितलं नाही.

वर्षभरात तिची पोलकी तीनदा आत घ्यावी लागली. मी खूश! अंग उतरलं, आता दम कमी लागेल, असं शेजारणींना ऐटीत सांगत होते. वेणी घालायला तिचे हात वर राहीनात, ते मी म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं.

शेवटी राजापेठेतल्याच एका डॉक्टरीणबाईंनी तिला नळीत फुंकायला लावलं, वजन केलं, दंड चाचपले. "फुफ्फुसं अकोल्याच्या रिपोर्टपेक्षा फारशी बिघडलेली नाहीत," त्या म्हणाल्या. "पण श्वास ओढणारे स्नायू वाळलेत. यांना नुसता श्वास घ्यायलाच आपल्यापेक्षा जास्त ताकद लागते. जेवणातून मिळाली नाही, तर शरीर स्वतःचंच मांस जाळतं." हलकं म्हणजे एका वेळी पोट गच्च भरू नये एवढंच, हे त्यांनीच मला समजावलं. डाळ, दूध, अंडी, तूप तर हवंच होतं.

मग त्यांनी आईला विचारलं, "आजी, भूक लागते का?"

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. "लागते ना. पण पोरीनं पथ्य लावलं हाय. माह्याच भल्यासाठी लावलं."

मला तिथंच रडू फुटलं. माझ्या आईला मी माझ्या हातानं उपाशी ठेवलं होतं, तेही तिची काळजी घेते म्हणून मिरवत.

घरी येताच दह्यात भाकर कुस्करून तिच्यापुढे ठेवली. तीन घासांत तिला धाप लागली. तिनं वाटी बाजूला सारली.

"खा ना आई, आता कसलंच पथ्य नाही."

"आता चावता चावता दम पुरत नाई, बाई. तू पयले काहून नाई सांगतलं?"

रागानं म्हणाली असती तर मी सोसलं असतं. ती खरंच विचारत होती. मी वाटी उचलून आत गेले. उन्हाळा लागायच्या आत ती गेली, आणि तोवर मी तिला उत्तर दिलेलं नव्हतं.