द्वारकाबाईंच्या अंगणातील वह्या

द्वारकाबाई येरणे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या फजितीतून. स्वराज्य येऊन चारपाच वर्षे झाली होती. आरमोरीपासून पाच मैलांवर, तलावाकाठच्या एका गावात नवी बालवाडी निघाली आणि मी तिथली शिक्षिका झाले. आसपासच्या बालवाड्यांच्या आम्हा बारा शिक्षिकांना तयार करण्याचे काम बाईंकडे होते. दर शनिवारी दुपारी आम्ही आरमोरीच्या शाळेत जमत असू. प्रत्येकीने आठवड्यात मुलांचे जे पाहिले ते वहीत लिहून आणायचे आणि सगळ्यांसमोर वाचायचे, हेच त्यांचे शिक्षण.

पहिल्याच शनिवारी मी मोठ्या ऐटीने वाचले, "सोमी, वय पाच. मुकी. बुद्धी मंद."

सोमी ही जंगलालगतच्या गोंड वस्तीतून येणारी मुलगी. दोन आठवड्यांत तिने माझ्यासमोर तोंड उघडले नव्हते. बाईंनी शांतपणे विचारले, "सुमन, मंद हे तुले दिसलं कुठी?"

बाईंनी ती ओळ खोडायला लावली. डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच लिहायचे, बाकीचे आपल्या मनातले असते, ते मुलाच्या नावावर टाकायचे नाही, असे त्यांनी बजावले. अपमानाने मी घरापर्यंत रडत गेले, हे आज कबूल करते.

पुढच्या बुधवारी चिंचेखाली मुले खेळत होती. सोमीने ओंजळभर चिंचोके गोळा केले आणि चार लहानग्यांना ओळीत बसवून ती ते वाटू लागली. प्रत्येकाला पाच. देताना ती काहीतरी पुटपुटत होती. शेवटच्याला एक कमी पडला, तेव्हा तिने स्वतःच्या वाट्यातला काढून दिला. तिचे शब्द मला कळले नाहीत, पण जसे ऐकू आले तसे मी उतरवून घेतले. शनिवारी वाचले तेव्हा गोंडी जाणणाऱ्या, धानोऱ्याकडच्या एक शिक्षिका हसू लागल्या. त्यांनी सांगितले, की सोमी गोंडीत उंदीपासून सैयुंगपर्यंत, म्हणजे एक ते पाच मोजत होती.

बाई म्हणाल्या, "पोरगी बोलूनच राह्यली होती. आपल्यालेच आयकू येत नव्हतं."

त्या दिवशी आम्ही बाराही जणींनी ठरवले, की वस्तीतल्या आयांकडे जाऊन पाणी, भूक, ये, बस असे रोजचे शब्द शिकून घ्यायचे. सोमीची आई पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती मी तिच्या भाषेत पाणी मागितले तेव्हा. माझे उच्चार ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. त्या आठवड्यापासून सोमी पहिल्या ओळीत बसू लागली.

आता जे लिहिते आहे ते बाईंच्या या गौरवग्रंथात नको, असे दोघातिघांनी सुचवले होते. मी ते गाळणार नाही.

नागपूरहून एक अधिकारी तपासणीला आले. आमच्या वह्या चाळून त्यांनी विचारले, की यात शिक्षणशास्त्र कुठे आहे? ह्या तर बायकांच्या गप्पा झाल्या. पुढे शनिवारी छापील पाठ वाचावेत, आणि मराठी न येणाऱ्या मुलांची नावे पटावरून काढावीत, म्हणजे बालवाडी नीट दिसेल, असे त्यांनी सांगितले. माझ्या पटावर अशी नऊ नावे होती. पहिले सोमीचे.

बाई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, ज्या पोरीचं नाव काढाचं, तिच्यापाशी आधी एक तास बसा. काय दिसलं ते लिहा. मंग नाव मी काढीन."

साहेब बसले नाहीत. त्यांची मोटार गेली आणि पंधरा दिवसांनी लेखी हुकूम आला: शनिवारची सभा बंद, आणि मराठी न येणाऱ्या मुलांची नावे पटावरून कमी. बाईंनी उलट टपाली एका ओळीत कळवले, की नावे काढली जाणार नाहीत. आम्हाला त्यांनी एवढेच सांगितले, की रविवारी त्या वह्या ऐकायला स्वतःच्या अंगणात बसतील. रविवार सरकारचा नाही. जिला भीती वाटते तिने येऊ नये, तिला कोणी बोल लावणार नाही.

पहिल्या रविवारी मी गेले नाही. घरी म्हातारी आई होती, नोकरी गेली असती तर आम्ही दोघी कुठे जाणार होतो? सात जणी गेल्या, मी घरात धान पाखडत बसले. कोंडा उडत होता आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई पाच मैल चालत माझ्या बालवाडीच्या दारात. मी का आले नाही हे त्यांनी विचारले नाही. कोपऱ्यात बसून दोन तास त्या वहीत लिहीत राहिल्या आणि जाताना ते पान फाडून माझ्या हातात दिले. त्यात माझ्याबद्दल लिहिले होते: "रडणाऱ्या पोराजवळ सुमन खाली बसली. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आली. घाई केली नाही. पोर गप्प झालं." पुढच्या रविवारी मी त्यांच्या अंगणात सर्वांच्या आधी पोचले. त्यानंतर एकही रविवार चुकवला नाही.

तो हुकूम आजतागायत रद्द झालेला नाही. मधल्या काळात आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, कचेऱ्या बदलल्या, साहेब बदलले, कागद कुठल्या कपाटात आहे कोणास ठाऊक. नऊपैकी एकही नाव निघाले नाही. सोमी यंदा चौथीत आहे. दोन भाषांत भांडते, आणि मास्तरांना तिसरी भाषा शिकवायला लावते.

बाई यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. अशा वेळी विश्रांतीच्या शुभेच्छा देण्याची पद्धत आहे. आम्ही बारा जणी त्या देणार नाही. त्यांचे दुखरे गुडघे बरे होवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, शंभरी त्यांनी धडधाकट पार करावी. आणि मुलांकडे न पाहता काढलेला हुकूम जेव्हा जेव्हा या जंगलात येईल, तेव्हा तेव्हा त्याला नाही म्हणायला द्वारकाबाई पुढे असोत. त्यांच्या मागे आम्ही आहोत, हे ज्यांना कळायचे त्यांना या लेखाने कळो.