आधी बाहेरची वाट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पेण शहरात, भर एप्रिल महिन्यात, एका गणपतीचे विसर्जन पाण्याविना, ताशाविना आणि कीबोर्डावरच्या एका कळीने झाले. सदर घटनेस प्रस्तुत लेखक जबाबदार आहे. हरकती घेणाऱ्यांनी आधी पुढचे वाचावे.

हा गणपती थळेभाऊंच्या कॉम्प्युटरवरचा. भाऊ माझे शेजारी. रोह्याला एका रसायनांच्या कंपनीत, कंट्रोल रूममध्ये, एकोणतीस वर्षं शिफ्ट करून निवृत्त झाले आणि पेणला राहायला आले. हमरापूर-जोह्याच्या मूर्तिशाळांत जाऊन गणपतींचे फोटो काढायचे, हा त्यांचा निवृत्तीतला उद्योग. मूर्तिकार ते फोटो गिऱ्हाइकांना दाखवत. प्रिंट काढायला भाऊ माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येत आणि माझ्या कॉम्प्युटरकडे असं बघत, की जणू मी तिथं बसून गोट्या खेळतोय.

कारण मी माऊस वापरायचो. भाऊंनी माऊस काढून कपाटात ठेवला होता. "घरात गणपती हजार, नि उंदीर एक नाय," असं वहिनी म्हणायच्या. भाऊंच्या पडद्यावरही चारचौघांसारख्या खिडक्या नि चित्रं होती. पण भाऊ त्यांच्यामधोमध एक काळी चौकट उघडत आणि टाइप करून हुकूम सोडत. आधी फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव, मग फोटोचं. एंटर मारला की फोटो अख्खा पडदा गिळून टाकी. वर फुली नाही, खाली बटण नाही, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा गायब! बाहेर पडायचं तर 'क्यू'ची कळ दाबायची, आणि ते कुठंही लिहिलेलं नाही.

"भाऊ, नुसतं बोट दाखवून क्लिक केलं तर काय बिघडतं?" मी एकदा विचारलं.

"ज्याला काय हवंय ते सांगता येत नाय, तो बोट दाखवतो," भाऊ म्हणाले. "तान्ही पोरं दाखवतात. तू पन्नाशीचा हायस."

फरसाणाच्या दुकानातही हाच बाणा. बोट वर करणार नाहीत. "दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसरी परात, पातळ पोह्यांचा, खोबरं जास्त असलेला चिवडा," असं पूर्ण वाक्य होईपर्यंत मागच्या रांगेतल्या माणसाची एसटी निघून जायची.

त्यांचं दुसरं वाक्य असं : "आत शिरण्याआधी बाहेरची वाट विचारावी." हे मात्र कंपनीत शिकलेले. एकदा तिथं नळी फुटली, खोलीभर पांढरा धूर झाला आणि दार पाठीमागं की पुढं, हेच भाऊंना कळेना. भिंत चाचपत किती वेळ फिरले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून हा माणूस दाराकडं पाठ करून बसला नाही. हॉटेलात, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, दार समोर दिसलं पाहिजे! भाचीच्या लग्नात त्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष नवऱ्या मुलाच्या मामाला पानावरून उठवलं होतं. आमची सोयरीक मोडता मोडता राहिली, असं वहिनी अजून सांगतात.

तर, एप्रिल. भाऊ जोह्याला गेले होते आणि छापायचे फोटो मी त्यांच्या घरी बसून निवडायचे होते. हुकूम कागदावर लिहून ठेवला होता. मी अक्षर अन् अक्षर टाइप केलं, एंटर मारला, आणि पडदाभर गणपती उभा राहिला. पांढराशुभ्र, रंग नसलेला, डोळ्यांची आखणी व्हायची असलेला. डोळे नसलेला देव इतक्या जवळून पाहायची मला सवय नाही. मी घाईनं बाहेर पडायला गेलो आणि लक्षात आलं, की बाहेर नाहीच! एक कळ दाबली, गणपती आडवा झाला. आणखी एक दाबली, उलटा झाला.

वहिनी पळी घेऊन धावत आल्या. "अवो, देवाला शीर्षासन काय करायला लावलंत!"

भाऊंचा फोन बंद. फोटो काढताना ते तो बंदच ठेवत. दहा-बारा कळांनंतर देव सुलटा झाला, पण जाईना. शेवटी मी भिंतीवरच्या बटणाकडं हात नेला.

"खबरदार!" वहिनी ओरडल्या. "बसलेला देव असा उठवतात का? उत्तरपूजा नको?"

वाचकहो, मी शिकलेला माणूस आहे. पण त्या बिनडोळ्यांच्या देवासमोर माझी हिंमत झाली नाही. पडद्याला गंध लागलं, वर जास्वंद चढली, दहीपोह्यांचा नैवेद्य आला. अक्षता कीबोर्डावर पडल्या. उत्तरपूजेनंतर मूर्ती जागेवरून जराशी हलवतात, म्हणून मी मॉनिटर दोन्ही हातांनी धरून इंचभर उजवीकडं सरकवला. एवढ्यात दारात भाऊ.

त्यांनी सगळा देखावा पाहिला. नैवेद्याची वाटी उचलली, दोन घास खाल्ले, आणि एका बोटानं 'क्यू' दाबला. गणपती गेला. मग त्यांनी माझ्यासमोरचा कागद उलटा केला. मागं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं : 'बाहेरची वाट : क्यू'.

"विचारली होतीस?" एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी भाऊंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि जीभ गेली. बुद्धी मात्र लख्ख होती, हे डोळ्यांवरून कळायचं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा खाट पुढच्या खोलीत, पंख्याखाली टाकली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचे, घशातून चिडका आवाज काढायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

रोह्याहून त्यांचे धाकटे भाऊ अण्णा आले. अण्णा स्वभावानं गंभीर. हसायचं असलं तरी आधी पंचांग बघतील. त्यांनी तर्क सुरू केले. "शेताच्या कागदांचं काय हाय का? कुलदेवाचा नारळ राहिलाय? कुणाला बोलवायचंय?" प्रत्येक प्रश्नाला भाऊ डोळे मिटून घेत. डावा हात चालत होता. मी न राहवून म्हणालो, "भाऊ, निदान बोट तरी दाखवा." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी खुर्चीवरून उठलोच.

मग मला सुचलं. टेबलासकट कॉम्प्युटर ओढत आणून खाटेच्या डाव्या बाजूला लावला, कीबोर्ड त्यांच्या डाव्या हाताखाली दिला आणि काळी चौकट उघडून दिली. मी भिंत आणि टेबल यांच्यामध्ये अडकलो होतो, हलायला जागा नव्हती. भाऊ एका बोटानं टाइप करू लागले; वाक्य जुळवणं जिभेबरोबर गेलं होतं, पण बोटांतला हुकूम शाबूत होता. एक अक्षर, मग थांबणं. चुकलं की खोडणं. पंधरा मिनिटं लागली असतील. एंटर.

पडदाभर फोटो उघडला. त्यांच्याच घराचं पुढचं दार, आतून काढलेलं. दोन्ही फळ्या सताड उघड्या, उंबऱ्यावर ऊन, पलीकडं अंगण नि रस्ता.

अण्णांनी टोपी काढली. "दार उघडा म्हणतायत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "निघायचं म्हणतायत. तुळशीचं पान आणतो."

वहिनी मटकन खाली बसल्या. मला तो फोटो बघवेना, म्हणून मी 'क्यू'कडं हात नेला, तर भाऊंनी डाव्या हातानं माझं मनगट पकडलं. पकड अशी, की हा माणूस कुठंही निघालेला नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

भाऊ त्यानंतर सात महिने जगले, जेवले, माझ्यावर डोळे वटारले आणि श्रावणात शांतपणे गेले. हे सगळं त्या दुपारी वहिनींच्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळं. त्यांनी डोळे पुसून पडद्याकडं पाहिलं. मग भाऊंच्या पायांपुढच्या कोऱ्या भिंतीकडं. मग मान वळवून खाटेच्या उशामागं, जिथं ते खरं दार होतं. आणि अण्णा तुळशीचं पान घेऊन उंबरा ओलांडत असतानाच त्या कडाडल्या :

"अवो, खाट फिरवा आधी! दाराकडं डोकं करून निजवलाय माणसाला, जेवतील कसे?"