धारोष्ण दुधाचा ताप

जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं मलमपट्टी करणाऱ्या बाईंना जनावरांचा कंटाळा कधी आला नाही. माणसांचा मात्र पहिल्याच वर्षी आला. गाय लंगडते ती दुखतं म्हणून. मालक मात्र धडधडीत खोटं बोलतो. "कालपर्यंत ठणठणीत होती," तो म्हणे. बाई जखमेतल्या अळ्या चिमट्याने काढून त्याच्यासमोर ट्रेमध्ये ठेवत आणि विचारत, "मग या काय आज सकाळी राहायला आल्या?"

पण त्यांच्या लेखी मूर्खांचा मुकुटमणी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. शेजारचंच घर, मागे गोठा, गोठ्यात चार गाई आणि डोक्यात स्वतःविषयी अफाट गैरसमज. रोज सकाळी पेला थेट सडाखाली धरून ते फेसाळ दूध घटाघटा पीत आणि मिशी पुसत म्हणत, "धारोष्ण पिणाऱ्याला दवाखान्याची पायरी ठाऊक नसते, वहिनी."

एकदा त्यांच्या गाईने सातव्या महिन्यातच मेलेलं वासरू टाकलं. वासरामागून पडणारी जार आत अडकली होती. बाई रबरी हातमोजे घेऊन येईपर्यंत दिरांनी उघडा हात कोपरापर्यंत घालून ती ओढून काढलीसुद्धा, आणि हात नुसत्या पाण्याखाली धरून धुतले.

"भावजी, हा रोग असू शकतो, आणि तो माणसाला लागतो. हिचं रक्त तपासा. तोवर दूध उकळल्याशिवाय कुणी तोंडाला लावू नका."

"तुम्ही ढोरांच्या नर्स, वहिनी. माणसांतलं तुम्हाला काय कळतंय?"

"ढोरांची आहे म्हणूनच तुम्हाला सांगतेय," बाई म्हणाल्या आणि मोजे उचलून घरी आल्या.

महिन्याभरात दिरांना ताप भरला. संध्याकाळी अंग फणफणायचं, पहाटे घामाने अंथरूण भिजायचं आणि सकाळी स्वारी पुन्हा गोठ्यात. डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत?" हे म्हणाले, "आहेत, पण त्यांना काही झालेलं नाही." झालं, भलत्याच तापाच्या गोळ्या सुरू झाल्या. बाईंच्या कानावर सगळं आलं. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार, असं म्हणून त्या तीन आठवडे गप्प बसल्या. खरं सांगायचं तर त्यांना त्यात थोडी मजाही वाटत होती.

मग एका दुपारी धाकटी जाऊ दारात आली. चौकटीला धरून उभी होती, खाली बसवत नव्हतं. "ताई, मलाही तसाच ताप येतोय. कंबर धरलीय." मग ती म्हणाली, "दूध उकळायचं होतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

चूल जिच्या हातात तिला सोडून बाईंनी सांगितलं होतं कुणाला, तर त्या मुकुटमण्याला. इतकी अक्कल त्यांनी दुसऱ्या कुणाची पाहिली असती, तर दवाखानाभर तिची टिंगल केली असती.

त्यांनी पायात चपला अडकवल्या, जावेला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेल्या आणि गाईची सगळी हकीकत सांगितली. नवरा-बायको दोघांचं रक्त तपासलं. दोघांनाही गाईचाच रोग निघाला. सहा आठवडे रोज गोळ्या, एकही न चुकवता.

जावेने सगळ्या घेतल्या आणि ती बरी झाली. दिरांना तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं, म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. ताप उलटला, खुब्यात बसला. आता काठी घेऊन चालतात आणि भेटेल त्याला हवा बाधली म्हणून सांगतात. गाईंची तपासणी बाईंनी उभं राहून करवून घेतली. दोन गाई वेगळ्या बांधाव्या लागल्या.

दवाखान्यात आता कुणी गाभडलेली, वासरू टाकलेली गाय आणली की मालक बोलायला तोंड उघडतो. बाई त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

"तुमचं राहू द्या," त्या म्हणतात. "घरात दूध कोण तापवतं? त्यांना पाठवा."