आतून लावलेली कडी

“आतून कडी लावली म्हणून घर सोडायला सांगितलंय, मॅडम. हे कायद्यात बसतंय का?”

विद्या माझ्या टेबलासमोर उभ्यानंच बोलत होती. हॉस्पिटलात स्टाफ नर्स. नाइट ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच थेट आली होती. मी म्हटलं, आधी बस, पाणी पी, मग कायदा बघू.

मी वकील. कोल्हापुरात प्रॅक्टिस करते आणि निम्मं काम घरभाड्याच्या करारांचं असतं. माझं डोकं लवकर तापतं हे कोर्टात सगळ्यांना ठाऊक आहे. असली केस आली की माझा क्लार्क आधी टेबलावरचा गरम चहा बाजूला घेतो.

विद्या मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होती. सोबत दहावीतली मुलगी. नवरा इचलकरंजीला कापडाच्या लूमच्या शेडमध्ये कामाला, सुट्टीला यायचा. खाली घरमालक आप्पा. माणूस वाईट नव्हे. म्हशीचं दूध काढलं की मुलीसाठी पेलाभर वर पाठवणारा. पण डुप्लिकेट किल्ली कायम त्यांच्या खिशात. मनात आलं की निघाले वर. कधी टाकी बघायला, कधी भिंतीची ओल बघायला, कधी नुसतंच गॅस बंद आहे का बघायला.

त्या दिवशी विद्या ड्यूटीवरून येऊन झोपली होती. डोळे उघडले तर पलंगापाशी आप्पा आणि एक अनोळखी प्लंबर. दोघं छताकडं बघत उभे. अंगावर हिच्या गाऊन.

“ओरडली नाहीस?”

“नाही, मॅडम. चादर ओढून तशीच पडून राहिले. आता झोपच लागत नाही. किल्ली फिरली असं वाटून सारखी दचकून उठते. परवा वॉर्डात इंजेक्शन भरताना डुलकी लागली मला.”

दुसऱ्या दिवशी तिनं आतून कडी लावली. आप्पांनी दार बडवलं. “माझ्याच घरात मला कडी? खोली खाली करा.” नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, “मालक हाय त्यो. जाऊ दे की.” हे ऐकून मी नवऱ्याबद्दल जे बोलले ते इथं लिहीत नाही.

आता कायदा. तिचा करार लीव्ह अँड लायसन्सचा होता. म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता घर वापरायचा परवाना. मालकी मालकाचीच राहते. घर तपासायचा हक्कही त्याला असतो, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. तिच्या करारात हे स्पष्ट लिहिलं होतं. मी एक नोटीस धाडली असती तर आप्पा जागेवर आले असते. पण त्याच करारात महिन्याची आगाऊ सूचना देऊन घर खाली करून घ्यायची सोयही मालकाला होती. म्हणजे मी जिंकले असते आणि विद्या ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीला घेऊन खोल्या शोधत फिरली असती. असलं जिंकणं काय चुलीत घालायचंय?

“उद्या येते तुझ्या मालकाकडं,” मी म्हटलं. “तूही खाली ये. पण बोलणार मी.”

आप्पा पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, “या वकीलबाई. त्या पोरीनं तुमच्यापातूर न्हेलं व्हय? अवो, लेकीसारखी हाय ती मला. लेकीच्या खोलीत जायाला बा काय परवानगी मागतोय?”

“ती झोपली होती, आप्पा. सोबत परका माणूस होता.”

“प्लंबर हुता त्यो. माझ्या घराची ओल मी न्हाय बघायची तर कुणी?”

मी करारातलं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी हात झटकला. “कागद ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. च्या घ्या.”

माझं डोकं तापायला लागलं होतं. घुसखोरीचा गुन्हा, पोलीस स्टेशन, सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आप्पा चहा सांगायला उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले आणि मोठ्यानं खाकरले. आतून सून म्हणाली, “या, मामा.” मगच त्यांनी आत पाऊल टाकलं.

ते परत येऊन बसल्यावर मी विचारलं, “आप्पा, आत्ता खाकरलात कशाला?”

“सूनबाई आत हाय न्हवं. तिचा पदर, काय बाय…”

“घर कुणाचं?”

“माझं.”

“आणि स्वयंपाकघर?”

“त्येबी माझंच की.”

“स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरताना सून ‘या’ म्हणेपर्यंत तुम्ही दारात थांबता. आणि वर दुसऱ्याची सून झोपलेली असताना कुलूप काढून परका गडी आत नेता. लेक राहू द्या, आप्पा. सुनेएवढा तरी मान द्या तिला.”

सून चहा घेऊन आली, कप ठेवला आणि सरळ म्हणाली, “मामा, चुकलंच की तुमचं.”

जिन्यापाशी उभी असलेली विद्या खाली मान घालून रडत होती. तिच्याकडं बघायचं आप्पांचं धाडस होईना. जिन्याकडं पाठ करून म्हणाले, “बरं. हितनं म्होरं जिन्यात खाकरून जाईन.”

“ते नाही चालायचं. आधी फोन करायचा. ती ‘या’ म्हणाली तर जायचं, ‘नको’ म्हणाली तर नाही. आणि किल्ली तिला द्यायची.”

“आन घरात आग लागली तर?”

“खुशाल दार फोडा. तुमची केस मी फुकट लढवीन.”

आप्पांना हसू आलं. त्यांनी किल्ली काढून विद्याच्या हातावर ठेवली. “पोरीची दहावी होऊ दे. ऱ्हावा निवांत,” म्हणाले. मी ते तिथल्या तिथं कागदावर घेऊन दोघांच्या सह्या घेतल्या. माणूस चांगला असला तरी सही घ्यावी, हा माझा धंदाच आहे.

पुढं काही दिवसांनी विद्याचा फोन आला. आवाजावरून नुकतीच उठलेली वाटत होती.

“आप्पांनी सकाळी फोन केलेला, मॅडम. टाकी बघायला येऊ का म्हणाले. मी म्हटलं, आज नको, झोपायचंय.”

“मग?”

“‘बरं’ म्हणाले. मी झोपले, ते आत्ता उठले.”

करारात ‘आधी कळवून’ असे दोन शब्द असतात. लोक म्हणतात, मालकानं कळवलं की संपलं. संपत नाही. कळवल्यावर आतल्या माणसाला ‘आज नको’ म्हणता आलं आणि नंतर झोपही लागली, तर ते दोन शब्द पाळले असं समजावं.